सहीची जागा

४ फेब्रुवारी

बरेच दिवस या वहीला हात लावला नव्हता. लिहिण्यासारखे काही घडत नव्हते, आणि न घडलेले लिहिण्याची मला सवय नाही. आज घडले.

सकाळच्या टपालात आदेश आला. अडीच पाने. सार असे: देशात जन्म कमी होत चालले आहेत, तेव्हा सरकारी दवाखान्यांतून गर्भनिरोधनाच्या गोळ्या आणि इतर साधने मोफत देणे आजपासून बंद. खाजगी दुकानात ती मिळतील, पण डॉक्टरांची चिठ्ठी आणि नवऱ्याचे संमतिपत्र दाखवल्यावरच. या संमतिपत्राला नाव दिले आहे 'नमुना क'. औषध भांडारात असलेला सगळा साठा तीस दिवसांत नष्ट करावा आणि तसा अहवाल पाठवावा. हा आदेश हंगामी आहे. कायमचे नियम लोकांच्या हरकती ऐकून मग होणार.

भांडार म्हणजे मी, दोन हमाल आणि एक वजनकाटा. एकतीस वर्षे इथे आहे, निवृत्तीला आठ महिने उरले. हमाल माझ्यामागे मला कुलूपराव म्हणतात, कारण पाणी प्यायला गेलो तरी मी दाराला कुलूप लावून जातो. त्यांना वाटते मला हे ठाऊक नाही.

आदेशाबद्दल मला मत नाही. माल आला की घ्यायचा, मागितला की द्यायचा, जाळ म्हटले की जाळायचा. साठा आहे दोनशे चौदा खोकी.

६ फेब्रुवारी

सुनेने सकाळी चहा देताना विचारले, गोळ्या स्वयंपाकघरात ठेवल्या तर खराब होतात का. मला बरे वाटले. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या ती शेगडीवरच्या फळीवर ठेवते, हे मी कधीचा तिच्या लक्षात आणून देणार होतो. मी सांगितले की उष्णता आणि ओल दोन्ही वाईट. कपाटात, कपड्यांच्या आत ठेवलेल्या उत्तम. मग तिने विचारले, मुदत संपून दोन महिने झाले असतील तर चालतात का. मी म्हटले, नियमाने नाही, पण कंपन्या थोडी सवड ठेवतातच. तिने मान हलवली आणि कामाला गेली. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. बारीकसारीक विचारायची सवय तिथलीच.

नंतर पाहिले तर माझ्या गोळ्यांची मुदत पुढल्या वर्षीपर्यंत आहे. उगाच काळजी करते.

११ फेब्रुवारी

साहेबांनी फोन करून विचारले, जाळण्याचे कुठवर आले. साहेब वयाने माझ्या मुलापेक्षा थोडे मोठे, वरून फोन आला की त्यांचा आवाज चढतो. मी सांगितले की भांडाराच्या नियमपुस्तिकेप्रमाणे आधी बॅचवार मोजणी, मग तिघांची समिती, मग प्रत्येक खोक्यावर तिघांची सही, मग भट्टीला पत्र. वापरण्यायोग्य माल नष्ट करायचा असेल तर तो वापरण्यायोग्य का नाही, याचा दाखलाही लागतो. गोळ्यांची मुदत अजून सव्वादोन वर्षे आहे. दाखला कोण देणार?

साहेब म्हणाले, आदेशच दाखला समजा. मी म्हटले, तसे लेखी द्या. ते म्हणाले, बघतो.

मी अडवणूक करतो आहे असे त्यांना वाटले असावे. तसे काही नाही. नियम हा नियम.

१४ फेब्रुवारी

दुपारी लांबच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आल्या. पाच तास बसने. केस पांढरे, पायात जाड तळव्यांचे बूट, हातात कापडी पिशवी. त्यांचे मागणीपत्र मी दोनदा परत पाठवले होते: एकदा शिक्का नव्हता म्हणून, एकदा गोल शिक्क्याऐवजी लांबट मारला होता म्हणून. या वेळी त्यांनी पिशवीतून गोल शिक्का आणि शाईची गादीच काढली आणि म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांदेखत मारते. म्हणजे तक्रार नको."

मारला. स्वच्छ उमटला.

मग मी त्यांना आदेश दाखवला. त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. त्या खुर्चीवर बसल्या. हमालाने पाणी आणले, ते प्यायल्या. पुढचे त्या आवाज न चढवता बोलल्या, म्हणून मी जसेच्या तसे लिहितो.

"आमच्याकडे पिठाच्या गिरणीवर एक बाई होती. चार मुलं. डिसेंबरात तिच्या गोळ्या संपल्या, माझ्याकडंही संपल्या होत्या. मी तिला म्हटलं, येतील, मागवल्यात. तिसरा महिना लागला तेव्हा तिनं कुणाकडून तरी काहीतरी घेतलं. रविवारी गाडीत घालून आणत होते. वाटेत गेली."

मी विचारले, कोणता रविवार. त्या म्हणाल्या, परवाचा, नऊ तारखेचा.

मी विचारायला नको होते. पण तारीख नसली की मला गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. त्यांना तसेच परत पाठवले. बसस्थानकापर्यंत पिशवी हमालाने पोचवली.

१५ फेब्रुवारी

आवक वही काढून पाहिली. मागणीपत्र पहिल्यांदा आले १२ नोव्हेंबरला. परत पाठवले १८ नोव्हेंबरला. पुन्हा आले ९ डिसेंबरला, परत पाठवले १६ डिसेंबरला. दोन्ही ठिकाणी माझी सही आहे. अक्षर चांगले आहे.

पुस्तिकेतले कलम एकेचाळीस वाचले. मागणीची तारीख म्हणजे मागणीपत्र भांडारात प्रथम पोचले ती तारीख. त्रुटी नंतर दूर झाली तरी तीच धरावी. म्हणजे नर्सबाईंची मागणी नोव्हेंबरातली. आदेश फेब्रुवारीतला. आदेशापूर्वीची मागणी पुरवणे भांडाराला बंधनकारक आहे. यात माझे पदरचे काही नाही.

त्या खोक्यांचे पुढे वाटप करायचे की नाही, हा केंद्राचा प्रश्न. माझे काम पुरवठ्यापुरते.

अठरा खोकी बाजूला काढली. उरली एकशे शहाण्णव.

१८ फेब्रुवारी

अठरा खोकी रवाना. गाडी मिळत नव्हती म्हणून जुलाबावरच्या क्षाराच्या पुड्या नेणाऱ्या टेम्पोत घातली. पावतीवर नर्सबाईंची सही आली, सोबत चिठ्ठी. चिठ्ठीत एवढेच, की माल पोचला आणि मोजून घेतला.

२५ फेब्रुवारी

आज 'नमुना क'चे गठ्ठे आले. छापखान्यातून थेट. हे सगळीकडे वाटायचे कामही भांडाराकडेच. जाळायच्या गोळ्यांना लागूनच आता हे कागद ठेवलेत.

कागद पिवळसर, छपाई ठीक. वाचताना एक शंका आली. विधवा असेल, किंवा नवरा दहा वर्षे परागंदा असेल, किंवा लग्नच झाले नसेल, तर सही कुणाची? नवऱ्याच्या जागी 'नवरा नाही' लिहिण्याचीही सोय नाही. मी वर पत्र लिहून विचारले.

तिघांच्या समितीतला तिसरा सभासद अजून नेमला गेलेला नाही. दुसरा सभासद म्हणतो, तिसरा आल्याशिवाय मी येणार नाही.

१ मार्च

शनिवार. मोजणी पुरी करायला सुट्टीच्या दिवशी गेलो. सून डबा घेऊन आली, नातीला कडेवर घेऊन. नात दीड वर्षाची. तिला वजनकाट्यावर बसवले: दहा किलो चारशे. सुनेने पहिल्यांदाच आमचे भांडार आतून पाहिले. कुठे काय असते, असे विचारत होती. मी मांडण्या दाखवल्या: इकडे सलाइन, तिकडे पट्ट्या, तो कोपरा जाळायचा.

तेवढ्यात फाटकावर ऑक्सिजनची नळकांडी आली. सह्या करायला जावे लागले. नात काट्यावरून उतरेना, म्हणून दोघींना आतच ठेवून गेलो. कुलूप लावले नाही. आत माणसे असताना कसे लावणार? परत आलो तेव्हा दोघी दारात उभ्या होत्या. सून म्हणाली, उशीर झाला, निघते.

संध्याकाळी मोजणीत एकशे बाराव्या खोक्यात एक पाकीट कमी भरले. एका पाकिटात एका बाईला वर्षभर पुरतील एवढ्या गोळ्या. तीनदा मोजले. एकच कमी.

एकतीस वर्षांत एकदाही तफावत आली नव्हती. लाल शाईने लिहिले: 'मूळ मोजणीत चूक. दुरुस्त केली.' खाली सही केली.

घरी जेवताना सांगितले की आज माझ्याकडून मोजण्यात चूक झाली. मुलगा हसला. म्हणाला, सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा. सुनेचा घास हातातच राहिला. मी म्हटले, वय झाले, नजर जाते, त्याचे कुणी मनाला लावून घेऊ नये.

१० मार्च

तीस दिवसांची मुदत उलटली. खुलासा मागणारे पत्र आले. चार पाने खुलासा लिहिला, सोबत बारा जोडपत्रे. मोठा हमाल म्हणाला, कुलूपराव जाळायच्या मालालासुद्धा वाळवी लागू देत नाहीत. माझ्यासमोर म्हणाला, मग जीभ चावली.

विधवांबद्दलच्या पत्राला उत्तर आले: 'मार्गदर्शन यथावकाश करण्यात येईल.'

२२ मार्च

घरात काहीतरी बिनसले आहे. सकाळी मुलगा कपाटात कपडे शोधत होता. नंतर त्यांच्या खोलीतून आवाज येत होते. आमच्या भिंती पातळ. न ऐकायचे ठरवले तरी अर्धे ऐकू येतेच. मुलगा म्हणत होता की तू मला सांगितलं नाहीस. सून म्हणत होती की किती वेळा सांगू. पहिल्या बाळंतपणात तिचे रक्त थांबत नव्हते, चौदा दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी तीन वर्षे तरी नको असे सांगितले होते. मुलाचे म्हणणे, डॉक्टर सगळ्यांनाच असे सांगतात, आणि आता ती धडधाकट आहे, आणि मुलीला पाठीवर कुणीतरी हवे.

मुलगा वाईट नाही. एसटीच्या आगारात वेळापत्रके लावतो. त्याला वाटते, एक गाडी सुटली की ठरावीक वेळेने दुसरी सुटायला हवी.

तो न जेवता कामावर गेला. सून नातीला भरवत राहिली. मी पेपर वाचत होतो. पान उलटायचे राहून गेले होते हे मागाहून लक्षात आले.

२३ मार्च

रविवार. आज मी एक गोष्ट केली, ती सविस्तर लिहितो.

काल भांडारातून 'नमुना क'ची एक प्रत आणली होती, रीतसर नोंद करून. दुपारची जेवणे झाल्यावर ती मुलासमोर ठेवली आणि म्हटले, "हे वाच."

त्याने वाचले आणि कागद बाजूला सारला. म्हणाला, "बाबा, हा आमचा प्रश्न आहे."

मी म्हटले, तुमचाच आहे. पण मला एक सांगायचे आहे. मग मी त्याला त्याच्या आईबद्दल सांगितले. त्याला एवढेच ठाऊक होते की ती बाळंतपणात गेली. तो तेव्हा चार वर्षांचा होता. त्याच्या वेळीच ती मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस राहू देऊ नका, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तेव्हाही दवाखान्यात नवऱ्याला घेऊन या म्हणायचे, त्याची सही लागायची. दवाखान्यात गर्भनिरोधनाचे काम गुरुवारी व्हायचे. ती म्हणाली, या गुरुवारी चला. माझी वार्षिक मोजणी चालू होती. म्हटले, पुढल्या गुरुवारी. पुढल्या गुरुवारी लेखापरीक्षक आले. त्याच्या पुढल्या गुरुवारी काय होते ते मला आठवत नाही, पण काहीतरी होते. त्यानंतर तिने विचारले नाही. नंतर कळले की दिवस गेले आहेत. सातव्या महिन्यात दोघेही गेले.

हे मी आजवर कुणालाच सांगितले नव्हते. सांगायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

 मुलाने माझ्या खिशातले पेन काढले. "कुठे?"

"खाली, उजवीकडे."

त्याने सही केली. मी कागद उचलून सुनेकडे दिला. ती ओट्यापाशी दूध तापवत उभी होती, सगळे ऐकत होती. तिने कागद दोन्ही बाजूंनी वाचला. नमुने तपासायची सवय, एक ओळ सोडत नाही. मग म्हणाली, "बाबा, यात माझ्या सहीची जागा कुठे आहे?"

मी पुन्हा पाहिले. नवऱ्याची सही. डॉक्टरांची सही. दुकानदाराची सही आणि शिक्का. तिच्या सहीला जागा नव्हती. मी समजावले की नमुन्याप्रमाणे ती अर्जदार नाही, लाभार्थी आहे; लाभार्थ्याची सही सहसा लागत नाही.

 दूध उतू गेले होते. ते पुसायला तिने फडके घेतले.

२४ मार्च

सही मिळाली. एवढी मोठी गोष्ट घरातल्या घरात, शब्दाने शब्द न वाढता झाली. तरीही सून गप्पच आहे. मुलालाही कळत नाही. तो मला म्हणाला, "मी केली ना सही? मग आता काय राहिलं?" मी म्हटले, मला वाटते थकली असेल.

कागद फळीवर, चहाच्या डब्याखाली ठेवला आहे. दुकानात नेलेला नाही.

२६ मार्च

सून संध्याकाळी प्रयोगशाळेतून उशिरा आली. टंकलेखनाचे काम होते म्हणाली. मला वाटत होते, नमुन्यांचे अहवाल तिथला कारकून करतो.

९ एप्रिल

कायमच्या नियमांवर हरकती ऐकायला समिती सतरा तारखेला येणार. हरकतदारांची यादी आमच्या कार्यालयाच्या फलकावर लागली. एकूण अकरा. पहिली औषधविक्रेत्यांच्या संघटनेची, दुसरी डॉक्टरांची, तिसरी एका निवृत्त शिक्षकाची, ज्यांना नियम आणखी कडक हवेत. पाचवी नर्सबाईंची. सातवीपुढे आमच्या घराचा पत्ता आहे.

दोनदा वाचला. छपाईची चूक नाही.

घरी जाऊन मी काही विचारले नाही. जेवताना एवढेच म्हटले की सतरा तारखेला मला अर्ध्या दिवसाची रजा आहे, नातीला मी सांभाळीन. सून म्हणाली, बरं. मुलाने विचारले, सतराला काय आहे? ती म्हणाली, मला बोलायचं आहे तिथं, सगळ्यांसमोर. त्याने माझ्याकडे पाहिले, जणू हेही मीच आणलेले काही आहे. मी नातीचे बोट धरून अंगणात गेलो.

१७ एप्रिल

हरकती ऐकायला सभागृह घेतले होते. पंखे मोठे, आवाज त्याहून मोठा. व्यासपीठावर तीन जण, मधले अध्यक्ष. मी नातीला घेऊन दाराशी उभा राहिलो, रडली तर बाहेर नेता यावे म्हणून. साहेब पहिल्या रांगेत होते. त्यांनी मला पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

नर्सबाईंनी गिरणीवरच्या बाईची हकीकत सांगितली. माझ्याकडून दोनदा परत आलेल्या मागणीपत्राबद्दल बोलल्या नाहीत. बोलतील असे वाटले होते. तयारी ठेवली होती.

सुनेने हातात कागद धरला होता. सुरुवातीला आवाज येईना, अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक जवळ घ्या म्हटले. तिने बाळंतपणाचे सांगितले, चौदा दिवसांचे सांगितले, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितले. मग म्हणाली, आदेश निघाल्यावर तिला दुकानात गोळ्या मिळेनात, तेव्हा तिने जिथून मिळतील तिथून आणल्या, आणि त्याची तिला लाज वाटते, पण पश्चात्ताप नाही. कुठून ते कुणी विचारले नाही. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी नातीचे टोपडे सारखे केले.

अध्यक्ष मायाळू दिसत होते. त्यांनी विचारले, "तुमच्या यजमानांची हरकत आहे का?"

"नाही. त्यांनी सही केली आहे."

"मग ताई, तुमची अडचण तर सुटली."

 हातातला कागद तिने खाली ठेवला, म्हणजे पुढचे लिहिलेले नव्हते.

"त्यांनी सही केली ती चांगुलपणानं. माझ्या सासऱ्यांनी फॉर्म आणला तोही चांगुलपणानं. दोघं टेबलाशी बसले, बोलले, ठरवलं. मी तिथंच होते, दूध तापवत. मला कुणी विचारलं नाही. उद्या हा चांगुलपणा नसला तर? किंवा असला, पण त्यांना त्या दिवशी वेळ नसला तर? माझा जीव मी कुणाच्या सवडीवर ठेवायचा?"

 अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतले आणि आठव्या क्रमांकाला बोलावले.

मुलगा मागच्या रांगेत उभा होता. तो आलेला मला ठाऊक नव्हते. गणवेशातच होता. ती खाली उतरली तेव्हा तो तिच्याकडे गेला आणि तिची पिशवी घेतली. काय बोलले ते मला ऐकू आले नाही. नात तेवढ्यात रडली, मी बाहेर पडलो.

टेबलाशी बसलो होतो हे तिने सर्वांसमोर सांगायला नको होते, असे मला आधी वाटले. घरी येईपर्यंत तसे वाटेनासे झाले. का ते सांगता येत नाही. ती बोलली त्यात चूक एकही नव्हती.

१२ मे

माझी चौकशी. अठरा खोकी का दिली, बाकीची का जाळली नाहीत, एका पाकिटाची तफावत कशी आली. चौकशी अधिकारी बाहेरून आलेल्या एक बाई होत्या. मी कलमे सांगितली. मागणीच्या तारखेचे एकेचाळीस, नष्ट करण्याच्या दाखल्याचे त्रेपन्न, समितीचा तिसरा सभासद. तफावतीचे विचारल्यावर म्हटले, मूळ मोजणीत चूक.

"एकतीस वर्षांत पहिली?"

"हो."

त्यांनी पेन खाली ठेवले. "खरंच दुसरं काही कारण नव्हतं?"

"नाही," मी म्हटले. "नियमाबाहेर मी काहीच केलेलं नाही."

त्या थोड्या हसल्या. मी थट्टा केली नव्हती.

३० जून

कायमचे नियम प्रसिद्ध झाले. नवऱ्याच्या सहीची अट काढली. डॉक्टरांची चिठ्ठी राहिली. सरकारी दवाखान्यांतून मोफत वाटप पुन्हा सुरू, पण विवाहित बायकांनाच. बाकीच्यांबद्दल मार्गदर्शन यथावकाश. नष्ट करण्याचा आदेश रद्द. समितीचा तिसरा सभासद शेवटपर्यंत नेमला गेलाच नाही.

नियमांच्या पानावर कुठेही लिहिलेले नाही की अट कुणाच्या बोलण्याने गेली. अकरा हरकती 'विचारात घेतल्या' एवढेच. साहेब म्हणतात, डॉक्टरांच्या संघटनेचे वजन पडले. असेल.

मला ठपका मिळाला: दिरंगाई आणि एका पाकिटाचा हिशेब. सेवापुस्तकातली पहिली लाल ओळ. 'नमुना क' रद्दीत काढायला सांगितले आहे, सव्वादोन टन. त्यालाही समिती लागेल.

नर्सबाईंचे नवे मागणीपत्र आले. शिक्का विसरल्या होत्या. मी फोन करून विचारले, शिक्का घेऊन कुणाला इकडे पाठवता का? त्या म्हणाल्या, आधी माल पाठवा, शिक्का मागून येईल. पाठवला.

२ जुलै

संध्याकाळी मुलगा नातीला फिरवायला घेऊन गेला होता. हल्ली नेतो. मी आणि सून शेंगा सोलत बसलो होतो. ती हल्ली माझ्याशी पूर्वीसारखी बोलते, किंबहुना जास्त. नियमांचे बोलणे झाले. मग तिने मध्येच विचारले, "बाबा, त्या तीन गुरुवारी आई काय करत होत्या?"

मी म्हटले, घरीच असेल. दुसरे काय करणार.

"एकट्या गेल्या नव्हत्या ना दवाखान्यात?"

मी म्हटले, एकटीला कशाला जाईल, सहीशिवाय परत पाठवतात हे तिला ठाऊक होते.  सून शेंगा सोलत राहिली.

तेव्हापासून आठवतो आहे. त्यातल्या एका गुरुवारी, दुसऱ्या की तिसऱ्या, मी लवकर घरी आलो होतो. मुलगा शेजारच्या काकूंकडे होता. ती दारातच बसलेली होती, बाहेर जायच्या कपड्यांत, चप्पल पायातच. मोठी पर्स मांडीवर. मी विचारले, चहा आहे का. ती उठली आणि चहा केला.

दवाखाना घरापासून बसने पाऊण तास. कुठे गेली होतीस, हे मी विचारले नव्हते.